न्वारमधली भीती : खून झाल्यावर गाडी सुरू होत नाही तेव्हा

रात्रपाळी (धागाकर्ता), शुक्र. रात्री १:५२

परवा तिसऱ्यांदा 'डबल इन्डेम्निटी' पाहिला. बिली वाइल्डर, १९४४, न्वार म्हणजे त्या काळातला काळोखा अमेरिकी गुन्हेपट. सगळं पाठ आहे. नायक सुरुवातीलाच सांगून टाकतो की खून मी केला, पैशासाठी केला, बाईसाठी केला, आणि हाती दोन्ही लागलं नाही. म्हणजे 'खुनी कोण' हे रहस्य पहिल्या काही मिनिटांतच खलास. तरी एका जागी तिसऱ्या वेळीही हाताला घाम फुटला. त्यासाठीच हा धागा.

प्रसंग असा. वॉल्टर नेफ हा विमा एजंट, फिलिस ही त्याच्या गिऱ्हाइकाची बायको. दोघांनी मिळून तिच्या नवऱ्याला गाडीतच गळा आवळून मारलंय. (तो मरत असताना कॅमेरा त्याच्याकडे बघतही नाही. स्टिअरिंगवर बसलेल्या फिलिसच्या, म्हणजे बार्बरा स्टॅनविकच्या तोंडावर थांबतो. ती समोर रस्त्याकडे बघतेय, एवढंच.) मग नवऱ्याचं सोंग घेऊन, पायाला प्लास्टर, काखेत कुबड्या, वॉल्टर आगगाडीत चढतो. शेवटच्या डब्याच्या उघड्या सज्जातून रुळांवर उतरतो. प्रेत तिथे आणून टाकतात, शेजारी कुबड्या. सगळं ठरल्याबरहुकूम. आता गाडीत बसायचं आणि निघायचं.

फिलिस स्टार्टर मारते. घरघर, बंद. परत मारते. घरघर, बंद. दोघं एकमेकांकडे बघतात. कुणी काही बोलत नाही. मग वॉल्टर हात लांबवून किल्ली फिरवतो, इंजिन कुरकुरतं, कुरकुरतं, आणि लागतं.

मी सोफ्यावर पुढे सरकून "लाग, लाग" म्हणत होतो. मग लक्षात आलं की मी खुन्याच्या गाडीला धक्का देतोय.

म्हणे संहितेत हे नव्हतंच. शूटिंग आटोपून निघालेल्या वाइल्डरची स्वतःची गाडी सुरू होईना, तसा तो सेटवर माघारी आला आणि प्रसंग नव्याने घेतला.

माझं म्हणणं आता. न्वार म्हटलं की लोक अंधाराबद्दल बोलतात. ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, टोपीखाली अर्धा चेहरा. पण याच सिनेमात खुनाचा कट शिजतो कुठे? दिवसाढवळ्या किराणा दुकानात, डब्यांच्या थप्प्यांमध्ये. फिलिस उभी, वॉल्टर डबे न्याहाळल्यासारखं करतोय, आणि मध्येच एक बाई येऊन वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला सांगते. अंगावर काटा येतो तो तिथे. 'द थर्ड मॅन'मध्ये (१९४९) हॅरी लाइम व्हिएन्नातल्या एका दारात काळोखात उभा आहे, पायाशी मांजर. खाली चाललेल्या आरडाओरड्याने वरची एक शेजारीण चिडून खिडकी उघडते आणि उजेडाचा चौकोन थेट त्याच्या तोंडावर पडतो. मेलेला म्हणून पुरलेला माणूस! काळोखात तो मजेत होता. त्याची पंचाईत केली ती शेजारणीच्या दिव्याने.

म्हणून मला वाटतं, भयपटातला माणूस अंधाराला भितो, न्वारमधला उजेडाला. त्याने काहीतरी केलेलं असतं आणि ते दिसून जाईल ही भीती. आपणही त्याच्याबरोबर दडून बसलेलो असतो.

इतिहास बहुतेकांना ठाऊक असेल. युद्धकाळात अडकलेले अमेरिकी सिनेमे १९४६ मध्ये पॅरिसला एकदम लागले, नीनो फ्रांक या समीक्षकाने त्यांना 'फिल्म न्वार' म्हटलं. बनवणाऱ्यांना आपण न्वार बनवतोय याचा पत्ताही नव्हता.

तुम्हाला कुठल्या न्वारमध्ये खरीखुरी भीती वाटली? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाटळ, शुक्र. रात्री २:०५

जाणकारांनी प्रकाश टाकला तर न्वार कसला राहतोय. सावली टाका म्हणा. तूर्तास रुमाल टाकून ठेवतो.

खोडरबर, शुक्र. सकाळी ७:३०

नॉयर ना?

रात्रपाळी, शुक्र. सकाळी ७:४१

फ्रेंच उच्चार न्वार. कुणी नुआर लिहितं. नॉयर म्हटलंत तरी पोलीस येणार नाहीत.

दिंडीदरवाजा, शुक्र. सकाळी १०:१५

धागा आवडला, मुद्दा पटला नाही. अंधार विरुद्ध उजेड ही वाटणी फार सोयीची आहे, कारण दोन्हीकडचे कारागीर तेच होते.

'कॅट पीपल' (१९४२) पाहा. आरकेओ स्टुडिओचा स्वस्तातला भयपट, निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक टूर्नर, कॅमेरा निकोलस मुसुराका. पाचच वर्षांनी टूर्नर आणि मुसुराका यांनीच 'आउट ऑफ द पास्ट' केला, जो न्वारच्या कुठल्याही यादीत वरच असतो. सावली तीच, हात तेच.

'कॅट पीपल'मधला रस्त्याचा प्रसंग. ॲलिस रात्री बागेच्या भिंतीकडेने एकटी चाललीय. तिच्या टाचांचा आवाज, मागे दुसऱ्या टाचांचा आवाज. दिव्याखालून अंधारात, अंधारातून पुढच्या दिव्याखाली. मग मागच्या टाचांचा आवाज थांबतो. फक्त थांबतो. ॲलिस वळून बघते, कुणी नाही. चालायचा वेग वाढतो, धावायला लागते, आणि बाजूने फिस्सकन काहीतरी अंगावर येतं. बस! साधी सिटी बस, ब्रेकचा आवाज. या फसवणुकीला सिनेमावाले अजून 'ल्यूटन बस' म्हणतात आणि गेली ऐंशी वर्षं भयपटवाले तीच बस सोडतायत. मांजर उडी मारते, मैत्रीण खांद्यावर हात ठेवते, त्या सगळ्या त्या बसच्याच फेऱ्या.

आणि पोहण्याच्या तलावाचा प्रसंग. पाण्यावरून परतलेला उजेड छताभिंतींवर हलतोय, ॲलिस मधोमध पाण्यात, गुरगुर कुठून येतेय कळत नाही. तिथे उजेडच थरथरतोय. तुमच्या सिद्धांतात हा बसवून दाखवा.

रात्रपाळी, शुक्र. सकाळी ११:०२

बसवता येत नाही. पण ॲलिसने काही केलेलं नाही, हे तर मानाल? तिला पळायचंय, लपवायचं काही नाही. वॉल्टरला पळताही येत नाही, कारण पळाला की पकडला.

दिंडीदरवाजा, शुक्र. सकाळी ११:२०

अर्धं मान्य. अर्ध्याबद्दल संध्याकाळी.

लाईटवाला, शुक्र. दुपारी ३:४८

मी सेटवर लाइट डिपार्टमेंटला आहे, मालिका जास्त, अधूनमधून सिनेमा. म्हणून दोन शब्द.

चेहऱ्यावर जो मुख्य लाइट लावतो तो की. कीने नाकाची, गालाची सावली पडते, ती भरून काढायला दुसऱ्या बाजूने मवाळ लाइट, तो फिल. हॉलिवूडने नटीसाठी भरपूर फिल वापरला, चेहरा दुधासारखा दिसायला हवा म्हणून. न्वारवाल्यांनी फिल काढून टाकला, जवळजवळ तेवढंच केलं. मग एक बेबी (छोटा लाइट) आणि पुढे दोन कटर (उजेड अडवणाऱ्या काळ्या पट्ट्या) असले तरी काम होतं. पैसेही वाचतात, आणि सेटची भिंत कच्ची असली तर काळोखात कोण बघतंय. यातले बरेच सिनेमे कमी पैशांत झाले ते उगीच नाही.

मालिकेत उलटं. सासू रात्री दोनला दुधात काहीतरी कालवते तरी अख्खं स्वयंपाकघर लखलखीत, कारण प्रत्येक फ्रेममध्ये साडीचा काठ दिसला पाहिजे. एकदा मी फिल थोडा कमी केला तर वरून फोन आला की टीव्ही बिघडलाय असं प्रेक्षकांना वाटेल.

या सगळ्यात माझा देव म्हणजे जॉन ऑल्टन. 'द बिग कॉम्बो' (१९५५) पाहा. त्याच्या शेवटी मुद्दाम यांनाच (रात्रपाळी) पुरावा देतो. विमानतळाच्या हँगरमध्ये खलनायक, चौफेर धुकं, पळायला विमान येणार. नायिका गाडीवरचा सर्चलाइट त्याच्यावर फिरवते. तो पळतो, लाइट मागे. तो गोळ्या झाडतो, पण समोरचं काही दिसत नाही. पूर्ण सिनेमाभर दुसऱ्यांना घाबरवणारा माणूस एका लाइटने उंदरासारखा होतो. कुणी हात लावत नाही त्याला.

त्याच सिनेमात एक म्हातारा गुंड आहे, कानाला श्रवणयंत्र. त्याला मारायचं ठरतं तेव्हा म्होरक्या पुढे येतो आणि त्याचं यंत्र काढून घेतो, गोळ्यांचा आवाज तुला ऐकू येणार नाही, एवढे उपकार. पुढचं आपल्याला त्याच्याच कानाने. मशीनगनच्या तोंडाशी ठिणग्या, आणि आवाज शून्य. सत्तर वर्षांपूर्वीचा सिनेमा, पण त्या शांततेत मी पाणी प्यायचा थांबलो होतो.

'डबल इन्डेम्निटी'चा कॅमेरा जॉन साइट्झचा. फिलिसच्या दिवाणखान्यात उन्हाच्या पट्ट्यांत धूळ तरंगताना दिसते ना, ती दिसावी म्हणून हवेत धातूची बारीक भुकटी उडवली होती. आम्ही अगरबत्त्यांवर भागवतो.

सदाफुली, शुक्र. दुपारी ४:१०

अगरबत्त्यांवर! :)

गुळाचाचहा, शुक्र. सायं. ६:२२

मला न्वार पाहिला की झोप येते. टोप्या, धूर, नाकातून बोलणारे पुरुष. भीती बिती काही नाही.

चहाटळ, शुक्र. सायं. ६:२५

झोप येते म्हणजे मनात पाप नाही. भाग्यवान आहात.

गोगलगाय, शुक्र. रात्री १०:५०

मी 'एम' एकदाच पाहिला. १९३१, बर्लिन, फ्रिट्झ लँग. न्वारच्या आधीचा आहे, पण न्वारचा आजोबा म्हणता येईल. लँग नंतर हॉलिवूडला गेला आणि तिथे त्याने बरेच न्वार केले.

मुलांचे खून होतायत. एक आई स्वयंपाक करतेय, मुलगी शाळेतून यायची वेळ झालीय. कोकीळ-घड्याळ वाजतं. ती दाराशी जाऊन जिन्यात हाक मारते, "एल्सी!" मग लँग काय दाखवतो? रिकामा जिना. माळ्यावर वाळत घातलेले कपडे. टेबलावर मांडलेली रिकामी ताटली. हाक चालूच. मग झुडपातून एक चेंडू घरंगळत येतो आणि थांबतो. एक फुगा तारांत अडकतो, जरा फडफडतो, वाऱ्याने निघून जातो. झालं. रक्त नाही, किंकाळी नाही, खुन्याचा हातसुद्धा नाही. आधी फक्त त्याची सावली दिसलीय, त्याला पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलेल्या पत्रकावर पडलेली, आणि ती सावली मुलीला म्हणते, किती छान चेंडू आहे तुझा.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत. व्हॅन दहा मिनिटं उशिरा आली की मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे. ती ताटली मला अजून दिसते, त्यामुळे परत बघायची हिंमत नाही. आणि हे सगळं दुपारच्या उजेडात घडतं बरं का.

शीळही आहे. खुनी ग्रीगची एक धून शिळेवर वाजवतो आणि त्या शिळेवरूनच एक आंधळा फुगेवाला त्याला ओळखतो. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लोरला शीळ वाजवता येत नसे, ती लँगने स्वतः वाजवली असं म्हणतात. सगळं शहर डोळे फाडून शोधतंय आणि सापडतो तो आंधळ्याला.

रात्रपाळी, शुक्र. रात्री ११:३०

गोगलगाय, तुमच्या प्रतिसादानंतर माझं वाक्य दुरुस्त करतो. 'न्वारमधला उजेडाला भितो' हे वॉल्टरपुरतं, लाइमपुरतं खरं. त्या आईला लागू नाही. 'थर्ड मॅन'मध्येही एक तुमच्या ताटलीसारखी जागा आहे. लाइमने भेसळ केलेलं पेनिसिलिन विकलंय. ज्या मुलांना ते टोचलं गेलं, त्यांच्या वॉर्डमध्ये त्याच्या मित्राला नेतात. आपल्याला एकही मूल दिसत नाही. मित्राचा चेहरा दिसतो, आणि कुणीतरी टाकून दिलेलं एक टेडी अस्वल. त्या क्षणी लाइमची बाजू घेणं बंद होतं.

जुनापाना, शनि. सकाळी ८:०५

मंडळी, सगळी चर्चा परदेशी चालली आहे म्हणून थोडे घरचे.

प्रभातचा 'अमृतमंथन' आठवा. १९३४. कंपनी नुकतीच कोल्हापूरहून पुण्याला आली होती. त्याआधी शांतारामबापू 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला जाऊन आले होते आणि तिथल्या सावल्या डोळ्यांत भरून आले असावेत. बळी थांबवू पाहणाऱ्या राजाविरुद्ध कट करणारा राजगुरू, हिंदीत चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. टेलिफोटो भिंगाने घेतलेला, पडदाभर पसरलेला त्याचा डोळा. हे चित्र न्वार मुळीच नव्हे, ऐतिहासिक पोशाखपट आहे. परंतु बुब्बुळ हलले की खुर्चीत मागे सरकायला होते. धागाकर्त्यांना 'दिसून जाण्याची भीती' म्हणायचे आहे, तर तो डोळाच पाहा. तो आपल्याकडे बघतो.

दुसरे, 'महल' (१९४९). त्याचा छायालेखक योझेफ विर्शिंग हा म्युनिकचा. हिमांशू राय यांच्यामुळे हिंदुस्थानात आला आणि मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा झाला. गंमत अशी की हॉलिवूडमध्ये न्वार घडवणारे वाइल्डर, लँग, सिओडमाक हे हिटलरमुळे घर सोडून गेलेले, तर आमच्या विर्शिंगला युद्ध सुरू होताच जर्मन म्हणून इंग्रजांनी स्थानबद्ध केले. सुटल्यावर त्याने ती मोकळी हवेली, तो झोपाळा, ते झुंबर प्रकाशित केले. अशोककुमार भिंतीवरच्या जुन्या तसबिरीत स्वतःचाच चेहरा पाहतो तेव्हा भूत नुसते निमित्त उरते.

आणि राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) विसरू नका. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून. वकील नवऱ्यापुढे न्यायालयात आरोपी म्हणून उभी असलेली बाई हुबेहूब त्याच्या मृत पत्नीसारखी. 'या डोळ्यांची दोन पाखरे' आमच्या घरी रेडिओवर लागले की आई आवाज कमी करीत असे, रात्री नको म्हणून. यावरूनच राज खोसलांनी 'मेरा साया' केला, आणि 'सीआयडी'सारखा मुंबईचा न्वार करणारेही तेच.

दिंडीदरवाजा, शनि. सकाळी ९:४०

जुनापाना, सुरेख. हिंदीतल्या न्वारला भीतीसाठी गाणं लागतं हे माझं जुनं मत. 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'ची सुरुवात दुरून येते, जवळ येते, बाई दिसत नाही. तिथे पाठलाग आवाज करतो.

आता कालचं उरलेलं अर्ध. आवाजाच्या भीतीचा राजा 'रिफिफी' (१९५५, पॅरिस). दिग्दर्शक ज्यूल्स दासां. जवाहिऱ्याच्या दुकानावर दरोडा, सुमारे अर्धा तास, एक शब्द नाही, संगीत नाही. वरच्या मजल्यावरून फरशी फोडायची. मलबा खाली पडून आवाज होऊ नये म्हणून भोकातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात. ढेकळं छत्रीत पडतात! अलार्मच्या डब्यात अग्निशामकाचा फेस भरतात म्हणजे घंटा गुदमरते. मध्येच एकाचा हात पियानोवर पडतो, एक सूर वाजतो, आणि सगळे त्याच्याकडे बघतात. थिएटरात कुणी खोकलं तरी राग येतो.

यामागची खरी भीती वेगळी आहे. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट शोधमोहीम चालू होती. १९५१ मध्ये सहकाऱ्यांनी चौकशी समितीपुढे दासांचं नाव घेतलं, काम बंद झालं, तो युरोपात गेला. 'रिफिफी'मध्ये तिजोरी फोडणारा सेझार त्याने स्वतःच केला आहे. हा सेझार पुढे साथीदारांचं नाव फोडतो आणि नायक त्याला गोळी घालतो. स्वतःच्या सिनेमात नाव फोडणाऱ्याची भूमिका स्वतः करून स्वतःलाच मारून घेणं, याला काय म्हणावं.

विमेकरी, शनि. दुपारी १२:३०

इतके दिवस वाचनमात्र होतो. पण हा माझ्या पोटापाण्याचा विषय निघाला. एकवीस वर्षं क्लेम बघतोय.

'डबल इन्डेम्निटी' म्हणजे अपघाती मृत्यू झाला तर दुप्पट रक्कम. आपल्याकडे डीएबी, म्हणजे डबल ॲक्सिडेंट बेनिफिट म्हणतात. सिनेमात आगगाडीचा अपघात म्हणूनच निवडलाय.

माझ्या मते या सिनेमातला घाबरवणारा माणूस फिलिस नाही. तो बार्टन कीज, क्लेम विभागाचा, नट एडवर्ड जी. रॉबिन्सन. बुटका, सदरा चुरगळलेला, सिगार पेटवायला स्वतःकडे काडी कधी नसते. त्याला संशय कशावरून येतो बघा. पिस्तूल नाही, बोटांचे ठसे नाहीत, साक्षीदार नाही. नवऱ्याचा पाय मोडलेला होता. अपघात विमा होता. आणि पायाचा क्लेम केलेला नव्हता! का नाही केला? बहुधा आपला विमा आहे हेच त्याला माहीत नसेल.

हे ऐकून मी उठून बसलो होतो. आम्ही हेच करतो. कागदावर जे आहे त्यापेक्षा जे असायला हवं होतं आणि नाही, ते शोधायचं. आलेला क्लेम बोलतो, न आलेला जास्त बोलतो.

आणि ही शंका कीज सांगतो कुठे? वॉल्टरच्याच फ्लॅटवर येऊन, मित्र म्हणून, जेवण पचत नाही असं म्हणत. तेवढ्यात फिलिस तिथे येते, बाहेरून आवाज ऐकते, आणि कीज निघताना ती उघड्या दारामागे लपते. तो पॅसेजमध्ये, दाराची फळी मध्ये, मागे ती, आणि वॉल्टर दार धरून उभा. सावलीबिवली काही नाही, साधा पॅसेजचा दिवा.

सदाफुली, शनि. दुपारी १२:५१

पण फ्लॅटचं दार बाहेर कुठे उघडतं? आमच्या सोसायटीत तर सगळी आत उघडतात.

रात्रपाळी, शनि. दुपारी १:१५

तिथेही आतच उघडतात. वाइल्डरला ते ठाऊक होतं. दार आत उघडलं असतं तर तिला लपायला जागा नव्हती, म्हणून बाहेर उघडलं. मी तीन वेळा पाहिला, मला एकदाही खटकलं नाही. म्हणजे मी पण त्या दाराला आतून धरून उभा होतो.

विमेकरी, मुद्दा कबूल. कीज उजेडही नाही आणि अंधारही नाही. तो टेबलापलीकडे बसून बेरीज करतोय.

खोडरबर, शनि. दुपारी २:००

नॉयर रंगीत चालतो का?

दिंडीदरवाजा, शनि. दुपारी २:१८

'चायनाटाउन', १९७४. लॉस एंजेलिसचं रणरणतं ऊन, कोरडी नदी, आणि सगळी घाण पाण्याच्या मालकीची. बघून घ्या. फक्त शेवट कुणाकडून ऐकू नका.

लाईटवाला, शनि. रात्री ११:५५

आज सेटवर रात्रीचा सीन होता. दिग्दर्शकाला म्हटलं, एक शॉट फिल न लावता घेऊ, सून जिन्यावरून येतेय. घेतला. मॉनिटरवर सगळे गप्प झाले. मग म्हणाला, मस्त आहे, आता एक सेफ्टीसाठी नेहमीसारखा घे. लागणार कुठला हे सांगायला नको.

विमेकरी, रवि. सकाळी ९:१०

काल रात्री हिच्याबरोबर परत लावला. गाडीच्या प्रसंगाला हीसुद्धा "लाग गं बाई" म्हणाली. संपल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आपल्या पॉलिसीला ते डीएबी आहे का हो?"

चहाटळ, रवि. सकाळी ९:१२

आणि तुम्ही काय सांगितलंत?

विमेकरी, रवि. सकाळी ९:४०

फाइल शोधतोय म्हणालो.